मणक्यात स्क्रू टाकायचे की नुसती नस मोकळी करायची?

पत्र असं आहे: "ताई, मी ५४ वर्षांची, शाळेत शिकवते. दीड वर्षापासून उभं राहिलं की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, उजवा पाय जास्त, दहा मिनिटं चाललं की बसावंच लागतं, बसलं की बरं वाटतं. कंबर दुखते पण पायाइतकी नाही. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ला मणका सरकलाय, ग्रेड १, आणि नस दबलीये असं आलंय. फिजिओ झाली, गोळ्या झाल्या, पाठीत इंजेक्शनही झालं, त्याने थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच. एक सर्जन म्हणतात स्क्रू टाकून फ्यूजनच करावं लागेल, दुसरे म्हणतात नुसती नस मोकळी करू. घरचे म्हणतात मणक्याला हातच लावू नको, आयुष्यभर अंथरुणाला खिळशील. पाच महिन्यांनी मुलीचं बाळंतपण आहे, मला बाळाला उचलून घेता यायला हवं. काय करू?"

ताई म्हणालात, तेव्हा मीही मोकळेपणाने लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही आणि तुम्हाला तपासलेलंही नाही, त्यामुळे ऑपरेशन करा किंवा करू नका असं मी सांगणार नाही, पण मणक्याच्या ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे पेशंट बघणं हेच माझं काम आहे, म्हणून निर्णय कशावर घ्यायचा आणि पुढे काय काय होतं ते मात्र नीट सांगू शकते.

सगळ्यात आधी एक बघून घ्या. लघवी तुंबतेय किंवा झालेली कळत नाहीये, शौचावरचा ताबा गेलाय, बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर झालंय, चालताना पाऊल लटकं पडतंय म्हणजे चप्पल पायातून निसटते आणि तुम्हाला पत्ताच नसतो, यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जायचं, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. तिथे उशीर झाला तर लघवीचा ताबा परत येईलच असं सांगता येत नाही. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणजे तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे, आणि हा वेळ वापरा. ग्रेड १ म्हणजे वरचा मणका खालच्यावरून पाव भागापेक्षा कमी पुढे आलाय. वयानुसार होणारी ही घसरण बायकांमध्ये जास्त दिसते, बहुतेक वेळा एल-४ एल-५ लाच, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या जागी होते, आणि बऱ्याच जणींची वर्षानुवर्षं तेवढीच राहते. लवकर ऑपरेशन केलं नाही तर व्हीलचेअरवर याल असं तुम्हाला कोणी म्हणालं असेल तर ते तुमच्या आत्ताच्या लक्षणांवरून तरी मला पटत नाही.

आता रिपोर्टबद्दल. एमआरआयच्या कागदावर डिस्क झिजलीये, फुगलीये असं बरंच लिहिलेलं असतं आणि ते वाचूनच माणूस अर्धा आजारी पडतो. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, त्यात अजिबात पाठ न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले होते, तर पन्नाशीच्या लोकांमध्ये साधारण ८० टक्के जणांच्या डिस्क झिजलेल्याच होत्या आणि त्यांना काहीच त्रास नव्हता. म्हणून कागदाचं ऑपरेशन करायचं नसतं, त्रासाचं करायचं असतं. तुमचा त्रास मात्र कागदाशी जुळतोय हे खरं आहे. सरळ उभं राहिलं की मणक्यातली नसांची जागा अजून अरुंद होते, बसलं किंवा पुढे वाकलं की थोडी मोकळी होते, म्हणून तुम्हाला बसलं की हायसं वाटतं. एक करून बघा, ट्रॉलीसारखं काहीतरी ढकलत, थोडं पुढे वाकून चाललात तर जास्त लांब जाता येतं का? येत असेल तर हे नसेचंच दुखणं असायची शक्यता वाढते. आणि पायाच्या नाडीचे ठोके कोणी तपासलेत का तेही विचारा, कारण रक्तपुरवठा कमी असला तरी चालताना पोटऱ्या अशाच भरून येतात, फक्त त्यात नुसतं जागेवर उभं राहिलं तरी बरं वाटतं, बसावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, दोन सर्जन दोन गोष्टी का सांगतायत. पहिलं हे की त्यातला एक खोटारडा आहे असं समजू नका. नस मोकळी करणं म्हणजे डीकम्प्रेशन, त्यात नसेवर दाब टाकणारं हाड आणि जाड झालेला पडदा काढतात, बस. फ्यूजनमध्ये ते तर करतातच, शिवाय दोन मणके एकमेकांना कायमचे जोडतात, म्हणजे त्या जागची हालचालच बंद करतात. पायाचं दुखणं मुख्यतः नस मोकळी झाल्याने जातं. स्क्रूने पाय बरा होत नाही, मणका हलत असेल तर स्क्रू ते हलणं थांबवतो. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की तुमचा मणका खरंच हलतोय का, आणि नस मोकळी करताना हाड काढल्यावर तो आणखी हलेल का.

याच प्रश्नावर डॉक्टरांमध्येच एकमत नाहीये. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात फ्यूजन जोडल्याने वेगळा फायदा दिसला नाही, त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका छोट्या, ६६ पेशंटच्या अभ्यासात फ्यूजनवाल्यांची तब्येत थोडी जास्त सुधारली आणि त्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागलं. मग २०२१ मध्ये नॉर्वेचा अभ्यास आला, २६७ पेशंट, सगळे तुमच्यासारखेच मणका सरकलेले. दोन वर्षांनी बघितलं तर नुसती नस मोकळी केलेल्यांत शंभरातले साधारण ७१ जण ठरवलेल्या मापाइतके सुधारले होते आणि फ्यूजनवाल्यांत ७३, म्हणजे जवळजवळ सारखेच. पुन्हा ऑपरेशन लागलेले पहिल्या गटात थोडे जास्त होते, साधारण १२ विरुद्ध ९. यावरून माझं मत असं झालंय की ज्यांचं मुख्य दुखणं पायाचं आहे आणि मणका स्थिर आहे त्यांच्यासाठी छोटं ऑपरेशन आधी विचारात घ्यायलाच हवं, आणि फ्यूजन सुचवणाऱ्याने ते तुमच्याच बाबतीत का लागणार हे समजावून सांगायला हवं.

आणि ते सांगता येतं. तुमचा उभं राहून काढलेला एक्स-रे झालाय का? पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेला? तुम्ही पत्रात फक्त एमआरआय लिहिलंय, आणि एमआरआय झोपवून काढतात, झोपल्यावर सरकलेला मणका कधी कधी जागेवर जातो आणि किती हलतो ते दिसतच नाही. वाकून काढलेल्या एक्स-रेत मणका काही मिलिमीटर पुढेमागे होताना दिसला, किंवा एमआरआयमध्ये मणक्याच्या मागच्या सांध्यात पाणी भरलेलं दिसलं, किंवा नस बाहेर पडते ती बाजूची खिडकीच बसून गेली असेल, किंवा कंबरेचं दुखणं पायाइतकंच असेल आणि कूस बदलताना, खुर्चीतून उठताना कळ येत असेल, तर फ्यूजनचं पारडं जड होतं. यातलं काही नसेल तर हलकं. दोन्ही सर्जनना एकच प्रश्न विचारा, माझ्या एक्स-रेत असं काय दिसतंय ज्यामुळे तुम्ही हे सुचवताय, आणि हे केल्यावर माझं नक्की कोणतं दुखणं कमी होईल. बोट ठेवून दाखवणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवा. सर्जनला दोन-चार प्रश्न विचारले म्हणून तो रागावतो असं वाटून गप्प बसणारे खूप लोक मी बघितलेत, आणि नंतर महिनाभराने तेच प्रश्न मला विचारतात, जेव्हा उत्तर मिळून काही उपयोग नसतो.

नुसती कंबर दुखते, पायात काही नाही, मणका सरकलेला नाही, फक्त डिस्क झिजलीये, अशा लोकांना मी हे सगळं वेगळ्या सुरात सांगितलं असतं, तिथे फ्यूजनचा फायदा बेभरवशाचा आहे, आणि नीट, चिकाटीने केलेल्या व्यायामाच्या कार्यक्रमापेक्षा तो फार जास्त नसतो असं एकाहून जास्त अभ्यासांत दिसलंय. तुमची केस ती नाही.

घरच्यांची भीती. ती कुठून येते मला माहितीये, प्रत्येकाच्या ओळखीत असा एक माणूस असतोच ज्याचं मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तो उठलाच नाही, पण नीट चौकशी केली तर बहुतेक वेळा कळतं की ते ॲक्सिडेंटमधलं फ्रॅक्चर होतं, किंवा गाठ होती, किंवा पाय आधीच लुळे पडले होते. एल-४ एल-५ ला तर स्पायनल कॉर्ड नसतेच, ती वर कंबरेच्या सुरुवातीलाच संपते, खाली फक्त सुट्या नसा असतात. पूर्ण पांगळं होण्याचा धोका फारच कमी. पण जे धोके खरे आहेत ते सांगितले पाहिजेत: जखमेत इन्फेक्शन, नसेच्या पिशवीला छेद जाऊन पाणी गळणं, एखाद्या नसेला इजा होऊन पाऊल कमजोर पडणं, पायात रक्ताची गुठळी, हाड न जुळणं आणि मग स्क्रू सैल होणं. शिवाय जोडलेल्या जागेच्या वरच्या-खालच्या मणक्यांवर भार वाढतो, पुढच्या काळात दरवर्षी शंभरातल्या दोन-तीन जणांना त्या शेजारच्या जागी नव्याने त्रास सुरू होतो. ५४ व्या वर्षी पुढची पंचवीस-तीस वर्षं धरायची तर हे डोळ्याआड करू नका.

समजा फ्यूजनच ठरलं. मग आधीचे महिना-दीड महिना खूप महत्त्वाचे, आणि याबद्दल लोकांना कोणी पुरेसं सांगत नाही. स्लॅब टाकल्यावर खाली टेकू लावून ठेवतात ना, काँक्रीट पक्कं होईपर्यंत, स्क्रू आणि सळ्या तेच काम करतात, खरं जोडणारं असतं ते तुमचं स्वतःचं नवीन हाड. फरक एवढाच की हे टेकू बहुतेक वेळा काढत नाहीत, आतच राहतात. पण हाडच वाढलं नाही तर कितीही चांगले स्क्रू असले तरी एक ना एक दिवस सैल होतात. म्हणून हाडाची तयारी आधी. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा टेस्ट आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या, हाड खूपच कमजोर निघालं तर आधी काही महिने औषध देऊन मग ऑपरेशन करतात आणि त्यात काहीही चुकीचं नाही. शुगर असेल तर आधी ताब्यात आणा. सिगारेट, तंबाखू, मिसरी काहीही असेल तर कमीत कमी महिनाभर आधी बंद आणि हाड जुळेपर्यंत बंदच, निकोटिनने हाड जुळण्याचं काम सरळ सरळ बिघडतं, आणि हे मी तुमच्या पत्रात नसतानाही लिहितेय कारण मिसरी बायका डॉक्टरला सांगत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर त्या कधी थांबवायच्या ते लिहून घ्या, मनाने थांबवू नका.

घरातही आधीच करून ठेवा, रोजच्या वापराच्या वस्तू कंबरेच्या उंचीवर आणा, बुटकी खुर्ची बाजूला करा, टॉयलेट सीट उंच करून घ्या, बाथरूममध्ये पकडायला दांडा, लेस नसलेल्या चपला-बूट. आणि पलंगावरून उठायची पद्धत आधीच शिका: गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकत्र, अख्खं अंग ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं, मग पाय खाली सोडत हाताने रेटून बसायचं. हे दुखण्याच्या भरात पहिल्यांदा शिकायला गेलं की जमत नाही.

ऑपरेशननंतर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीच उभं करतात आणि चालवतात, तीन-चार दिवसांत घरी सोडतात. पहिले दोन आठवडे जखमेचं दुखणं भरपूर असतं, हे आधी माहीत असलेलं बरं. पाय मात्र बऱ्याच जणांचा शुद्धीवर आल्या आल्याच हलका वाटतो, आणि मग आठ-दहा दिवसांनी सूज आल्याने परत थोडा दुखायला लागतो आणि पेशंट रडकुंडीला येतो की सगळं वाया गेलं. बहुतेक वेळा वाया गेलेलं नसतं, सूज उतरली की कमी होतं, पण दुखणं वाढतच चाललं किंवा पाय कमजोर वाटला तर सर्जनला कळवायचंच. नस मोकळी झाली तरी ती सावकाश सुधारते, आधी दुखणं जातं, मग ताकद येते, बधिरपणा आणि मुंग्या सगळ्यात शेवटी, त्याला वर्षही लागतं आणि कधी कधी थोडा बधिरपणा कायमचा राहतो.

पहिल्या सहा आठवड्यांचा व्यायाम म्हणजे चालणं. एकदम लांब नाही, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा, दर आठवड्याला थोडं वाढवत. वाकणं, वजन उचलणं आणि कंबर पिळणं या तीन गोष्टी बंद, वजनाची मर्यादा साधारण चार-पाच किलो, म्हणजे भरलेली बादली नाहीच. सगळ्यात अवघड जातं ते बसणं, वीस-पंचवीस मिनिटांच्या वर एका जागी बसू नका. जोरकस गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते आणि जोर लावताना टाके ताणतात, तेव्हा पाणी आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. ब्रूफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घरात पडलेल्या असतात म्हणून घेऊ नका, जास्त दिवस घेतल्या तर हाड जुळायला अडथळा येऊ शकतो, सर्जनला विचारूनच. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एका पोटरीला सूज आणि दुखणं, उभं राहिलं की डोकं फुटल्यासारखं दुखणं, यातल्या कशालाही लगेच फोन करा, आणि अचानक दम लागला तर फोनही नाही, सरळ इमर्जन्सी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन खचतं. भेटायला येणारे कमी झालेले असतात, जखम वरून भरलेली दिसते म्हणून घरच्यांना वाटतं आता बरी झाली, आणि तुम्हाला मात्र स्वतःचे मोजे घालता येत नसतात. झोप मोडलेली असते. रडू येतं. हे इतक्या जणींना होतं की मी आता ऑपरेशनच्या आधीच नवऱ्याला आणि मुलांना समोर बसवून सांगते, की तेव्हा हिला एकटी पाडू नका आणि कामाला तर अजिबात लावू नका. नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते, साधारण सहा आठवड्यांनी, सर्जनने हो म्हटल्यावर, कंबरेवर ताण न येता, चालतं.

शाळेत साधारण दोन ते तीन महिन्यांनी जाता येईल, आधी अर्धा दिवस, आणि फळ्याजवळ एक उंच स्टूल ठेवून घ्या. पोटाच्या आणि नितंबाच्या स्नायूंचा खरा व्यायाम बहुतेक सर्जन सहा ते बारा आठवड्यांच्या पुढे सुरू करतात. पट्टा सांगितला असेल तर सांगितलाय तेवढेच दिवस. हाड पक्कं जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त, तेव्हा तीन महिन्यांनी बरं वाटतंय म्हणून कपाट सरकवायला जाऊ नका, बरं वाटणं आणि हाड जुळणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एका जागचं फ्यूजन झाल्यावर वाकता येणार नाही ही भीती मात्र सोडा, बरंचसं वाकणं खुब्यातूनच होतं, पुष्कळ जणींना फरक जाणवतसुद्धा नाही. नुसती नस मोकळी केली तर हे सगळं बरंच लवकर होतं, कारण हाड जुळायची वाट बघायची नसते.

आता बाळ. बाळंतपणाची तारीख बघून ऑपरेशनचा प्रकार ठरवू नका, पण ऑपरेशनची वेळ ठरवायला ती जरूर बघा. सगळ्यात वाईट म्हणजे बाळंतपणाच्या आधी महिनाभर फ्यूजन, तेव्हा घरात रात्रीची जागरणं आणि तुम्ही पहिल्या सहा आठवड्यांत, मुलीलाही तुमची काळजी आणि तुम्हालाही तिची. एक तर पुढच्या महिन्याभरात करा म्हणजे मधे चार महिने मिळतील, नाहीतर सरळ बाळ थोडं मोठं होईपर्यंत थांबा, तुमच्या लक्षणांत थांबण्यासारखं आहे, फक्त वर लिहिलेल्या धोक्याच्या खुणांवर लक्ष ठेवून. लवकर केलंत तर चार महिन्यांनी तीन किलोचं बाळ घेणं बहुतेक सर्जन मान्य करतात. जमिनीवरून उचलायचं नाही, खाली वाकून खोल पाळण्यातून तर नाहीच, टेबलाच्या उंचीवरून, छातीशी धरून, गुडघ्यातून वाकून. किंवा तुम्ही टेकून बसा आणि कोणीतरी मांडीवर आणून देऊ दे. बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत पाच-सहा किलोचं होतं, तेव्हा तुमची ताकदही त्याच्याबरोबर वाढलेली हवी, म्हणून मधल्या काळातली फिजिओ बुडवू नका.

या आठवड्यात एवढं करा: उभं राहून आणि वाकून काढलेले एक्स-रे करून घ्या, डेक्साचं विचारा, आणि तेच सगळे फोटो घेऊन दोन्ही सर्जनकडे परत जा, मुलीला किंवा नवऱ्याला सोबत न्या आणि उत्तरं लिहून घ्यायला लावा. दोघांची उत्तरं तरीही जुळली नाहीत तर तिसरं मत घ्या, शक्यतो अशा सर्जनचं जो दोन्ही प्रकारची ऑपरेशनं नियमित करतो. एक्स-रेत काय आलं ते मला कळवा, त्यावर पुढचं लिहीन.